फॅलसी की मिसकन्सेप्शन? माझं मत कुठे झुकलं ते सांगतो

इंग्रजीत मेल किंवा रिपोर्ट लिहिताना समोरच्याचं काहीतरी चुकतंय एवढं कळत असतं, पण त्याला फॅलसी म्हणू, मिसकन्सेप्शन म्हणू की मिथ म्हणून मोकळा होऊ, इथे हात अडतो. माझा बरीच वर्षं अडायचा. ढोबळ अर्थ असे: फॅलसी म्हणजे तर्कातली खोट, मिसकन्सेप्शन म्हणजे गैरसमज, मिथ म्हणजे लोकांत रुळलेली खोटी समजूत. त्यापलीकडे अर्थ सांगत बसत नाही, वापरताना काय होतं तेवढंच लिहितो.

आधी मी फॅलसीवाला होतो. शब्द छोटा आणि वजनदार, वर लिहिणाऱ्याने लॉजिक वाचलंय असं वाटतं (वाचलेलं नसलं तरी). मग एकदा ऑफिसात एकाने मेल टाकला, की गेल्या शुक्रवारी अपडेट टाकलं आणि सिस्टिम बसली, तेव्हा यापुढे शुक्रवारी अपडेट नको. मी तोऱ्यात उत्तर दिलं, 'धिस इज अ फॅलसी'. मला म्हणायचं होतं की एकदा असं झालं म्हणून शुक्रवारवर खापर फोडता येत नाही, बस. त्याने वाचलं की मी त्याचं म्हणणंच खोटं ठरवतोय. पठ्ठ्याने वर्षभराचा रेकॉर्ड काढून सगळ्यांना कॉपीत ठेवून पाठवला, आणि शुक्रवारची अपडेट्स खरंच जास्त महागात पडली होती, कारण शनिवार-रविवारी दुरुस्तीला कोणी जागेवर नसायचं. म्हणजे त्याचं कारण कच्चं होतं पण निष्कर्ष बरोबर होता, आणि तोंडघशी पडलो मी.

माझी फॅलसीबद्दलची तक्रार एवढीच आहे. तर्कात खोट आहे असंही तिच्यातून निघतं आणि समजूतच खोटी आहे असंही, आणि डिक्शनरीत दोन्ही अर्थ असल्याने भांडायलाही जागा नाही. मूळ लॅटिन क्रियापदच 'फसवणं' या अर्थाचं, मग काय बोलणार. ॲरिस्टॉटलने १३ प्रकार मोजले ते फसव्या युक्तिवादांचे, खोट्या समजुतींचे नव्हेत, पण रोजच्या इंग्रजीत ही भिंत कधीच पडलीय. आपल्याकडे न्यायशास्त्रात (म्हणजे जुन्या भारतीय तर्कशास्त्रात) हेत्वाभास म्हणतात ते मला जास्त नेमकं वाटतं, हेतूसारखा, म्हणजे कारणासारखा, दिसतो पण हेतू नाही, त्यात बोट दिलेल्या कारणावर असतं.

फॅलसीला पुढे नाव जोडलेलं असलं तर मात्र ती बिनधोक. गॅम्बलर्स फॅलसी म्हटलं की कोणी गोंधळत नाही. १९१३ साली मॉन्टे कार्लोच्या कसिनोत रूलेटवर (लाल-काळ्या खणांचं जुगाराचं चाक) सलग २६ वेळा काळा आला आणि लोक 'आता तरी लाल येणारच' म्हणून पैसे लावत बुडत गेले, तो नमुना. चाकाला मागचं काही आठवत नसतं. इथे चूक नक्की कुठे आहे त्यावर बोट ठेवता येतं.

मिसकन्सेप्शन त्यामानाने बोजड आहे, थोडं शाळेच्या पुस्तकातलं वाटतं, आणि 'कॉमन' लावल्याशिवाय ते घराबाहेर पडतच नाही. पण ते फक्त समजुतीला लागू होतं. आपण मेंदूचा १० टक्केच भाग वापरतो, ही मिसकन्सेप्शन. कोणी कशावरून मानली याच्याशी देणंघेणं नाही, गोष्ट चुकीची आहे एवढंच. शिवाय ऐकणाऱ्याला फारसं लागत नाही, गैरसमज कोणाचाही होऊ शकतो. मिथ त्याच ठिकाणी चालतं आणि सुटसुटीतही आहे, पण ग्रीकमध्ये त्याचा अर्थ कथा, आणि कोणाच्या श्रद्धेतल्या कथेच्या जवळपास ते वापरलं की विषय भलतीकडेच जातो, म्हणून मी जपून वापरतो.

डिल्यूजनच्या वाटेला तर जाऊच नका. मानसोपचारात ती पुरावा दाखवूनही न हलणारी समजूत असते, आणि मेलमध्ये लिहिलं की सरळ शिवी होते. इल्यूजन वेगळंच, म्युलर-लायरच्या चित्रातल्या, टोकांना उलटसुलट बाण असलेल्या दोन रेघा सारख्याच लांबीच्या आहेत हे माहीत असूनही लहानमोठ्या दिसतात, समजूत बरोबर असते, फसतात डोळे. आणि मिसनोमर! भलेभले मिसकन्सेप्शनच्या जागी ते ठोकून देतात, त्याचा अर्थ चुकीचं नाव एवढाच आहे हो.

तुम्ही लॉजिक किंवा वादविवादाच्या लोकांमध्ये लिहीत असाल तर कदाचित फॅलसीच बरी, तिथे सगळ्यांना एकच अर्थ कळतो. बाकी ठिकाणी मी समजूत चुकली असेल तर मिसकन्सेप्शन लिहितो, आणि तर्क चुकला असेल तर साधं 'दॅट डझन्ट फॉलो' (यावरून ते निघत नाही), मग समोरचा फार तर विचारतो की का नाही, आणि मला तेच हवं असतं.

शुक्रवारी अपडेट आम्ही अजूनही टाकत नाही.