कपाळावर की दंडावर? अर्धशिशीची करंटची यंत्रं घेण्याआधी

महिन्यात पंधरा किंवा जास्त दिवस डोकं दुखतं, त्यातले निदान आठ दिवस अर्धशिशीचे, आणि हे तीन महिन्यांहून जास्त चाललंय, तर तो क्रॉनिक मायग्रेन. गोळ्यांनी झोप येते, वजन वाढतं, म्हणून 'करंटचं मशीन घेऊ का?' असं विचारणाऱ्यांसाठी हे लिहितोय.

कपाळावर लावायचं सेफाली नावाचं यंत्र भुवयांच्या वरच्या नसांना हलका करंट देतं. दुखणं टाळायला रोज 20 मिनिटं, चढलेलं उतरवायला तासभर. बेल्जियममधल्या 67 रुग्णांच्या चाचणीत तीन महिन्यांनी 38 टक्क्यांचे अर्धशिशीचे दिवस निम्म्यावर आले. खोट्या (तुलनेसाठी लावलेल्या, खरा उपचार न देणाऱ्या) यंत्रावर 12 टक्क्यांचे. आकडे चांगले, पण ते रुग्ण क्रॉनिक नव्हते, अधूनमधून दुखणारे होते. जाहिरातीत हे कुणी सांगत नाही.

दंडावरचं नेरिव्हिओ नावाचं यंत्र 45 मिनिटं बांधायचं, जोर मोबाईलवरून वाढवायचा: झिणझिण्या ठसठशीत जाणवाव्यात, पण दुखू नये. दंडातून गेलेल्या या संदेशामुळे मेंदू स्वतःची वेदना दाबणारी यंत्रणा चालू करतो. टाळण्यासाठी ते दिवसाआड वापरतात. 2023 च्या चाचणीत महिन्याचे अर्धशिशीचे दिवस सरासरी 4 ने घटले, खोट्या यंत्राने 1.3 ने, यात क्रॉनिकवालेही होते. म्हणून माझा कौल दंडाकडे. शिवाय कोल्हापुरात महाद्वार रोडवरच्या दुकानात गल्ल्यावर बसून कपाळाला यंत्र लावलं तर गिऱ्हाईक आधी तेच विचारणार. दंडावरचं बाहीखाली झाकतं. डॉ. रेड्डीजने ते 2023 मध्ये भारतात आणलं. मात्र एका यंत्राचे वापर ठरावीक असतात, संपले की नवं. त्यामुळे किंमत नव्हे, महिन्याचा खर्च विचारा. सेफालीत यंत्र टिकतं, चिकटपट्ट्या बदलाव्या लागतात.

मानेवर धरायचं गॅमाकोअर हे यंत्र क्रॉनिकसाठी मी सोडूनच देईन. 59 जणांच्या छोट्या चाचणीत दोन महिन्यांत ठळक फरक दिसला नव्हता.

बोटॉक्सचं नाव ऐकून दचकू नका. दर 12 आठवड्यांनी 31 ठिकाणी सुया, हो; पण क्रॉनिकसाठी त्याचा पुरावा या सगळ्या यंत्रांपेक्षा भक्कम आहे. न्यूरोलॉजिस्टकडे गेलात तर त्याची तुलनाही करायला लावा.

पेसमेकर असेल किंवा फिट येत असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुठलंच यंत्र लावू नका. आणि महिन्यात पंधरा दिवस साध्या वेदनाशामक गोळ्या, किंवा दहा दिवस ट्रिप्टान (अर्धशिशीच्या खास गोळ्या) वा मिश्र (एकात दोन-तीन औषधं असलेल्या) गोळ्या घेत असाल, तर डोकेदुखी त्या गोळ्यांचीही असू शकते. मेडिकलवाल्याकडून पट्टी आणायची सवय आधी डॉक्टरांना सांगा, यंत्राचा विषय नंतर.

घ्यायचं ठरलंच तर आधीचा एक महिना कालनिर्णयवर दुखण्याच्या दिवसांना फुली मारा, गोळी घेतली त्या दिवशी दोन. यंत्र लावल्यावरही तीन महिने तेच करा. फुल्या तेवढ्याच राहिल्या तर पुढचं यंत्र मागवू नका.