ईव्ही घेऊन अकरा महिने झाले, बॅटरीवर नाही, कूलंटवर लिहायचंय

भेटेल तो एकच विचारतो, बॅटरी किती वर्षं टिकेल. मी नाशिकला पाथर्डी फाट्याला राहतो, रोज सातपूर एमआयडीसी आणि महिन्यातून दोनदा ठाणे, 11 महिन्यांत बॅटरीने काहीच त्रास दिला नाही. त्रास झाला तो इन्व्हर्टरच्या (बॅटरीची वीज मोटरला चालेल अशी करून देणारा भाग) कूलिंगचा, म्हणजे त्याला थंड ठेवणाऱ्या कूलंट नावाच्या द्रवाचा, आणि त्याबद्दल कुणी विचारतच नाही.

मे महिन्यात भर दुपारी ठाण्याहून परत येत होतो, गाडीत चौघं, एसी फुल, कसारा घाटात ट्रकमागे हळू व्हायचं मग जोरात ओव्हरटेक, असं चाललेलं आणि अर्ध्या घाटात डॅशबोर्डवर कासवाचं चिन्ह आलं, म्हणजे गाडीने पॉवर कमी केली. पेडल दाबतोय तर गाडी ओढेचना, मागे कंटेनर, बॅटरी 46 टक्के. पोरं मागे बसलेली, खूप घाबरलो. कडेला घेतली, वीस मिनिटांनी कासव गेलं, मग हळूहळू इगतपुरी गाठली.

नंतर नीट वाचून समजून घेतलं. बॅटरी देते डीसी करंट, मोटरला लागतो थ्री फेज एसी करंट, तो बदल करायचं काम इन्व्हर्टरचं. आतले स्विच सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होतात आणि दर वेळी थोडी वीज उष्णतेत जाते. 97 टक्के कार्यक्षमता धरली तरी 60 किलोवॅट ओढताना जवळपास 2 किलोवॅट नुसती उष्णता, म्हणजे बाथरूमचा गिझरच समजा, आणि ती निघते नखाएवढ्या चिपांमधून. सिलिकॉनच्या चिपा साधारण 150 ते 175 अंशांपर्यंतच तग धरतात, म्हणून गाडी त्याच्या बरीच आधी पॉवर कमी करते. कासव आलं ते बरंच झालं, नाहीतर इन्व्हर्टरचं चिपांचं मॉड्यूल गेलं असतं.

सर्व्हिस सेंटरला आधी ‘उन्हाळा आहे साहेब, होतं असं’ म्हणून परत पाठवलं. हे मला अजिबात पटलं नाही. दुसऱ्यांदा हट्टाने लिफ्टवर घ्यायला लावली तेव्हा कूलंटच्या नळीचा क्लॅम्प ढिला निघाला, कूलंट बाटलीवरच्या ‘मिन’ खुणेच्या खाली आणि लाइनमध्ये हवा. पंप फिरत होता हो, पण जिथे हवा अडकते तिथली उष्णता उचलणार कोण? क्लॅम्प बदलला, कूलंट भरून हवा काढली, अर्ध्या दिवसाचं काम.

बोअरचं पाणी टॉपअपला चुकूनही टाकू नका, त्या बारीक चॅनलमध्ये क्षार बसतात, मॅन्युअलमध्ये लिहिलेलंच कूलंट घ्या. काही गाड्यांत बॅटरीची आणि मोटर-इन्व्हर्टरची कूलंटची बाटली वेगळी असते, गाडी थंड असताना दोन्ही बघा, मी दर महिन्याला बघतो.

एक तक्रार राहिलीच, ॲपमध्ये बॅटरीचं तापमान दिसतं, इन्व्हर्टरकडचं काहीच नाही. म्हणून ओबीडी डोंगल घेतलं, गाडीच्या सॉकेटला लावलं की आतली तापमानं फोनवर दिसतात. मेच्या शेवटी तोच घाट, तीच वेळ, तेच चौघं, कासव आलं नाही, घाटमाथ्यावर कूलंट 57 अंश होतं आणि घोटीला येईपर्यंत 48 वर उतरलं.