स्किनचा कोर्स की अख्खी कॉस्मेटॉलॉजी? पैसे भरण्याआधीची तपासणी

‘कॉस्मेटॉलॉजी’ हे लेबल आपल्याकडे तीन वेगवेगळ्या मालांवर चिकटवलेलं सापडतं. आयटीआयमध्ये त्या नावाचा वर्षभराचा ट्रेड आहे. त्यात केस, त्वचा, नखं, मेकअप, साडी नेसवणं, मेंदी असं सगळं येतं. खासगी ॲकॅडमीत त्याच नावाखाली सहा आठवड्यांपासून वर्षापर्यंत काहीही विकलं जातं. आणि क्लिनिकच्या पाटीवर ‘कॉस्मेटॉलॉजिस्ट’ लिहिलेलं असतं तिथे बहुतेकदा डॉक्टर बसलेले असतात, त्यांचा अभ्यासक्रमच निराळा. त्यामुळे माहितीपत्रक हातात आलं की पहिला प्रश्न एकच: यात केस आहेत का? कात्री, रंग आणि स्मूदनिंग (क्रीमने केस सरळ करणं) असेल तर ती कॉस्मेटॉलॉजी. चेहरा, वॅक्स, थ्रेडिंग, मशीन आणि बॉडी मसाजवर थांबत असेल तर तो स्किनचा कोर्स, वर नाव काहीही असो.

आपल्याकडे पार्लर चालवायला सौंदर्यतज्ज्ञाचं लायसन्स लागत नाही. बहुतेक ठिकाणी शॉप ॲक्टची नोंद केली की शटर उघडता येतं. म्हणून सर्टिफिकेटच्या कागदापेक्षा हाताखालून किती चेहरे आणि किती डोकी गेली याला महत्त्व आहे, आणि दोन्ही कोर्स आम्ही त्याच मापाने तोलले.

स्किन: दिसतो तेवढा मऊ कोर्स नाही

चांगल्या स्किन कोर्सचे पहिले काही दिवस क्रीमला हातच लावू देत नाहीत. भिंगाच्या दिव्याखाली चेहरा बघायचा आणि कार्ड भरायचं: त्वचेचा प्रकार, चालू गोळ्या, गरोदरपण, पेसमेकर, ॲलर्जी. हे कंटाळवाणं वाटतं, पण पुढचे बहुतेक अपघात इथेच टळतात. मुरमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असलेल्या मुलीच्या ओठावर वॅक्स लावलं तर पट्टीसोबत कातडीचा पापुद्रा निघतो. कार्ड भरलं असतं तर वॅक्सचं भांडं गरमच केलं नसतं. चेहऱ्याला रेटिनॉलचं क्रीम लावणाऱ्या ग्राहकांचंही तसंच, आणि त्या ‘औषध चालू आहे का’ला ‘नाही’ म्हणतात, कारण क्रीमला कुणी औषध समजत नाही. प्रश्न ‘रात्री चेहऱ्याला काय लावता?’ असा विचारायला शिकवतात का, ते बघा.

मग फेशियल. क्लिन्झिंग, स्क्रब, वाफ, ब्लॅकहेड काढणं, १५ ते २० मिनिटं मसाज, पॅक, सनस्क्रीन हा क्रम कुठलीही ॲकॅडमी शिकवते. फरक वाफेशी कळतो. स्टीमर चेहऱ्यापासून ३० ते ४५ सेंटिमीटर लांब आणि ५ ते ७ मिनिटं, हे झालं पुस्तक. पण समोरच्या बाईच्या गालांवर वांग असेल तर? उष्णतेने वांग गडद होतो. ‘उजळायला’ आलेली ग्राहक आधी वाफ, मग ब्लीच आणि त्यात जोरकस स्क्रब असं सगळं घेऊन जाते, आणि चार आठवड्यांनी डाग वाढले म्हणून परत येते. तिचं काही चुकलेलं नसतं. डेमोच्या दिवशी शिक्षिकेला सरळ विचारा, वांग असलेल्या चेहऱ्यावर काय काय गाळाल? उत्तर थेट ‘हे प्रॉडक्ट लावायचं’ असं आलं, तर तो कोर्स कंपनीचा माल खपवायला काढलेला आहे.

मशीनमध्ये हाय फ्रीक्वेन्सी आणि गॅल्व्हॅनिक ही चेहऱ्यावर सौम्य वीज वापरणारी जुनी जोडी अजून शिकवली जाते आणि शिकवायलाच हवी. हाय फ्रीक्वेन्सीची काचेची नळी त्वचेजवळ ठिणगी टाकते, म्हणून आधी अल्कोहोलवाला टोनर लावायचा नाही. गॅल्व्हॅनिकमध्ये त्वचेतलं तेल सैल करायला ऋण ध्रुव लागतो, आणि पेसमेकर किंवा शरीरात धातूची पट्टी असेल तर मशीन बाजूला ठेवायचं. ही दोन वाक्यं वहीत आली पण मशीन प्रत्येकीच्या हातात आलं नाही, तर ‘ॲडव्हान्स्ड’ची फी कशासाठी?

पील, म्हणजे आम्लाने त्वचेचा वरचा थर काढणं, हा स्किन कोर्समधला सगळ्यात चमकदार आणि सगळ्यात धोकादायक भाग. बाटलीवरचा ग्लायकोलिक आम्लाचा टक्का बघून कोर्स संपवणाऱ्यांपासून लांब राहा. पीएच (आम्लतेचं माप, जितका कमी तितकं आम्ल तीव्र) सांगितल्याशिवाय टक्क्याला अर्थ नाही. प्रशिक्षित हाताने सलोनमध्ये वापरायची परंपरागत मर्यादा ३० टक्के आणि पीएच किमान ३ अशी आहे. तोच ३० टक्के कमी पीएचला कितीतरी जास्त आत जातो. आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेवर भाजल्याची लाली आठवड्यात जाते, मागे राहतो तो काळा डाग, आणि तो महिनोन्‌महिने हलत नाही. म्हणून पॅच टेस्ट, हातात टायमर, आम्लाचं काम थांबवणारा न्यूट्रलायझर आधीच ओतून ठेवलेला आणि नंतर सनस्क्रीनची सक्ती. यातलं एक जरी ‘वेळ नाही’ म्हणून गाळलं जात असेल तर उठा.

बोटॉक्स, फिलर, लेझर, केसांचं रोपण ही डॉक्टरांची कामं. आठवड्याभरात बारावी पास मुलीला इंजेक्शन टोचायला शिकवू म्हणणारी जाहिरात दिसली, तर त्या संस्थेच्या बाकीच्या कोर्सचाही विचार सोडून द्या.

कॉस्मेटॉलॉजी: पैसा केसांत आहे, आणि धोकाही

पूर्ण कोर्समध्ये निम्म्याहून अधिक वेळ केसांना मिळायला हवा, कारण शिकायला सगळ्यात जास्त वेळ तेच घेतात. थ्रेडिंग दोन महिन्यांच्या सरावात हातात बसतं. हेअरकटला तेवढ्यात भागत नाही. बट डोक्यापासून शून्य अंशाला धरून कापली की टोकं एका रेषेत, ४५ ला ग्रॅज्युएशन (उतरता कट), ९० ला लेअर हे फळ्यावर दहा मिनिटांत समजतं. पण डमीचं डोकं हलत नाही, घाम पुसत नाही आणि तिच्या टाळूवर भोवरा नसतो. प्रत्येकीला खऱ्या केसांची स्वतंत्र डमी आणि नंतर खरी डोकी किती, हा आकडा लेखी मागा. दहाजणींत एक डमी असेल तर नऊजणी बघतात आणि एक शिकते.

रंगाचं रसायन कसं शिकवतात यावरून वर्गाचा दर्जा चटकन कळतो. रंगात मिसळायचा डेव्हलपर १० व्हॉल्यूम म्हणजे ३ टक्के पेरॉक्साइड, २० म्हणजे ६, ३० म्हणजे ९, ४० म्हणजे १२. पांढरे केस झाकायला साधारण २० पुरतो. कधीच न रंगवलेल्या केसांना फिकट ग्लोबल (सगळ्या डोक्याला एकच रंग) करताना मुळाजवळ दीडेक सेंटिमीटर सोडून आधी लांबीवर लावायचं आणि मुळं शेवटी, कारण डोक्याच्या उष्णतेने मुळं लवकर उजळतात. उलटं केलं तर टाळूजवळ नारिंगी पट्टा आणि खाली तपकिरी केस. आणि कुठल्याही रंगाआधी ४८ तास कानामागे पॅच टेस्ट. शिकवताना हे सगळे सांगतात, सीझनमध्ये करणारे फार थोडे.

आता आपल्याकडचा खास प्रसंग: काळी मेंदी. ‘मी फक्त मेंदी लावते’ म्हणणाऱ्या काकूंच्या केसांत काय आहे हे त्यांनाही माहीत नसतं. पाकिटात कधी हेअर डायमधलंच पीपीडी हे रसायन असतं, कधी धातूचे क्षार. क्षारांवर पेरॉक्साइड पडलं तर केस गरम होतात, वाफ येते, तुटतातही. यावरची चाचणी फुकटात होते. मानेजवळची बारीक बट कापायची, काचेच्या वाटीत ३० मिली २० व्हॉल्यूम डेव्हलपर आणि अमोनियाचे २० थेंब घालून त्यात अर्धा तास बुडवायची. वाटी तापली, बुडबुडे आले, घाण वास सुटला किंवा रंग झटकन बदलला, तर त्या दिवशी रंग नाही, हायलाइट नाही, स्मूदनिंग नाही. ज्या ॲकॅडमीत ही वाटी मुलींनी प्रत्यक्ष बघितलेली आहे तिला आमच्याकडून जास्त गुण.

स्मूदनिंगच्या क्रीमने केसांतले गंधकाचे बंध सुटतात, न्यूट्रलायझरने ते नव्या आकारात पुन्हा जुळतात. क्रीम जास्त वेळ राहिलं तर ओली बट च्युइंगमसारखी ताणते आणि तुटते. घड्याळापेक्षा दर काही मिनिटांनी एक बट पुसून ताणून बघायची सवय लावणारी शिक्षिका मिळाली तर सोडू नका. केराटिन या केस गुळगुळीत करण्याच्या ट्रीटमेंटचा तास बंद एसी खोलीत चालत असेल आणि सगळ्यांचे डोळे झोंबत असतील, तर त्यातून सुटणाऱ्या फॉर्मल्डिहाइड वायूबद्दल त्या वर्गात कुणी बोललेलं नाही.

कुठून घ्यायचं

आयटीआयचा कॉस्मेटॉलॉजी ट्रेड हा पैशाच्या मानाने सगळ्यात भरघोस पर्याय. दहावी पास, एक वर्ष, सुमारे १२०० तास, त्यातला मोठा वाटा प्रॅक्टिकल, शेवटी राष्ट्रीय ट्रेड सर्टिफिकेट. शासकीय संस्थेतली फी खासगीच्या शेजारी ठेवायच्या लायकीचीही नाही, इतकी कमी. उणीव अशी की तुकडी २४ जणींची, आणि साहित्य संस्थेगणिक बदलतं. कुठे खुर्च्या नव्या कोऱ्या, कुठे वॅक्स हीटर एकच. प्रवेशाआधी दुपारच्या प्रॅक्टिकलच्या वेळी जाऊन लॅब बघा. फॅशनेबल रंगकाम तिथे कमी मिळेल, ते नंतर वेगळ्या छोट्या कोर्सने भरून काढता येतं.

केवळ स्किनमध्ये नाव करायचं असेल तर सिडेस्कोच्या ब्युटी थेरपी डिप्लोमाला तोड नाही. झुरिकची ही संस्था १९४६ पासूनची. तिच्या डिप्लोमात चेहरा आणि शरीर आहे, हेअरकट नाही. किमान १२०० तासांचं प्रशिक्षण लागतं. महाग आहे, आणि तालुक्याच्या गावात त्या नावाने एकही ग्राहक वाढणार नाही. पंचतारांकित स्पा, क्रूझ किंवा परदेश डोळ्यांसमोर असेल तरच तेवढा खर्च करा.

मधल्या खासगी कोर्सना एक साधं गणित लावा. सहा आठवडे, आठवड्याला पाच दिवस, रोज तीन तास म्हणजे ९० तास. त्यात स्किन, केस, मेकअप, नखं सगळं बसवलं तर प्रत्येकाला वीस-बावीस तास येतात. याला ओळख म्हणतात, डिप्लोमा नव्हे. खासगी फीवर बहुतेकदा १८ टक्के जीएसटी लागतो, सांगितलेला आकडा करासकट आहे का ते पावतीवर लिहून घ्या. किटची किंमत वेगळी काढायला लावा. दुकानात तेच ब्रश आणि तीच क्रीमं निम्म्यात मिळत असतील तर किट न घेता फी कमी करून मागा.

कुणी काय घ्यावं

तालुक्याच्या ठिकाणी स्वतःचं पार्लर काढायचं असेल तर कॉस्मेटॉलॉजी. आयब्रोला आलेली बाई टोकं कापून मागते, तिला ‘केस करत नाही’ म्हटलं की पुढच्या वेळी ती आयब्रोलाही दुसरीकडे जाते. लग्नसराई तर पूर्ण कोर्सवाल्यांचीच: नऊवारी, अंबाडा, गजरा, मेकअप एकाच हातून हवं असतं. पण तुळशीच्या लग्नानंतर उसळलेलं हे काम चातुर्मासात आटतं. तेव्हा घर चालतं ते दर १५-२० दिवसांच्या आयब्रोवर, तीन-चार आठवड्यांच्या वॅक्सवर आणि महिन्याच्या रूट टचअपवर, कारण केस महिन्याला सेंटिमीटरभर वाढतातच.

घरातल्या दहा बाय दहाच्या खोलीतून सुरुवात करायची असेल तर मात्र स्किन. बेड, स्टीमर, भिंगाचा दिवा, वॅक्स हीटर एवढ्यावर काम सुरू होतं. केसांसाठी बॅकवॉश बेसिन (मान मागे टेकून केस धुवायचं), गरम पाणी आणि केस अडकणार नाहीत असा ड्रेन लागतो. गीझर, एसी आणि दोन हजार वॅटचा ड्रायर एकदम लावला की घरच्या मीटरची एमसीबी पडते. भाड्याच्या फ्लॅटमध्ये हे बदल मालक करू देत नाही.

शरीराचंही बघा. केसांचं काम दिवसभर उभ्याने, शांपू आणि रंगात हात. नायट्राइल ग्लोव्ह्ज न वापरणाऱ्या मुलींच्या बोटांना वर्षभरात खाज आणि चिरा पडतात, आणि एकदा पीपीडीची ॲलर्जी झाली की ती सहसा जात नाही. स्किनमध्ये बसून काम असतं पण बेडची उंची चुकली तर कंबर आणि अंगठे जातात.

अमेरिकेला जायची शक्यता असेल तर तिथे ही निवड कायद्याने आधीच केलेली असते. कॅलिफोर्नियात एस्थेटिशियनला (फक्त स्किनचं काम करणारीला) ६०० तास, कॉस्मेटॉलॉजिस्टला १०००. मराठी वस्ती दाट असलेल्या न्यू जर्सीत स्किन केअरला ६०० आणि कॉस्मेटॉलॉजीला १२००. इथल्या तासांची दखल घेतली जाईल की नाही हे त्या-त्या राज्याचं बोर्ड ठरवतं, आणि ते चमकदार सर्टिफिकेट बघत नाही, विषयवार तासांचा तक्ता मागतं. तो तक्ता संस्थेच्या शिक्क्यासह कोर्स संपतानाच घ्या. दोन वर्षांनी मागायला गेलात तर ॲकॅडमीच्या जागी मोबाइलचं दुकान आलेलं असू शकतं.