घोड्याच्या दाढा घासायच्या: हातकानस की मोटर?

सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा घेताना माणसं काय काय पाहतात! देवमण (गळ्यावरचा शुभ मानलेला भोवरा) आहे का, पंचकल्याणी (चारही पाय आणि तोंड पांढरं) आहे का, रेवाल ही झुलती, न हादरणारी चाल कशी आहे. तोंडही उघडतात, पण पुढचे दात बघून वय काढण्यापुरतंच. दोन दाती की चार दाती एवढं ठरलं की ओठ सोडून देतात. घोडा चावून खातो ते मागच्या 24 दाढांवर, आणि तिथवर कोणाची नजर जात नाही. 'धर्माची गाय आणि दात का गं नाय' ही म्हण ठीक आहे, पण हा घोडा तुम्ही रोख मोजून आणलेला असतो.

या दाढा वर्षाला साधारण 2 ते 3 मिलिमीटर वर येत राहतात आणि चघळण्याने तितक्याच झिजतात. मात्र वरचा जबडा खालच्यापेक्षा रुंद असल्यामुळे वरच्या दाढांची गालाकडची कड आणि खालच्यांची जिभेकडची कड झिजायची राहते. तिथे धार चढते आणि गाल किंवा जीभ कापली जाते. चरणाऱ्या घोड्याचा जबडा आडवा भरपूर फिरतो. चंदीवर, म्हणजे दाण्याच्या खुराकावर पोसलेल्या, तबेल्यात बांधलेल्या घोड्याचा कमी फिरतो, म्हणून त्याच्याकडे जास्त लक्ष हवं. अर्धवट चावलेल्या गवताचे गोळे खाली पडणं, लिदीत अख्खे दाणे दिसणं, कडियाळं (लगामाची तोंडातली कडी) घेताना मान झटकणं, तोंडाला घाण वास येणं यातलं काही दिसलं तर वाट पाहू नका. काही दिसलं नाही तरी वर्षातून एकदा तोंड तपासून घ्या.

धार काढायचे मार्ग दोन. लांब दांड्याची हातकानस, किंवा फिरत्या चकतीची मोटर.

हातकानसेचा मोठा गुण म्हणजे ती सावकाश चालते. प्रत्येक घाशीला थोडंच निघतं, त्यामुळे चूक झाली तरी लहान होते आणि किती धार उरली हे हाताला कळतं. दाढ तापत नाही, आवाजही बेताचा. शांत घोड्याच्या पुढच्या दाढा गुंगी न देताही घासता येतात. कमी पडते ती शेवटच्या दाढांपाशी. तिथे जागा अरुंद, हात अवघडलेला, आणि करणारा दमला की नेमक्या याच दाढा उरकल्या जातात. खालच्या शेवटच्या दाढेवर आकडा, म्हणजे न झिजलेलं हुकासारखं टोक, वाढला असेल तर हाताने तो काढणं म्हणजे माणूस आणि घोडा दोघांचीही परीक्षा.

मोटरचं बरोबर उलटं. ती मागपर्यंत पोचते, आकडा झटपट उतरवते आणि कसबी हातात अगदी नेमकं काम करते. पण चकती एका जागी रेंगाळली तर दाढ आतून तापते आणि आतला जिवंत गर दुखावतो. त्याचा परिणाम लगेच दिसत नाही, म्हणून धोका जास्त. चकती पाण्याने थंड ठेवता का आणि दाढ थोडी थोडी बदलत घासता का, हे आधी विचारा. दुसरा धोका जास्त गुळगुळीत करण्याचा. जातं गुळगुळीत झालं की दळत नाही, त्याला टाकी लावावी लागते. दाढेचंही तसंच आहे. तिच्यावरचे खडबडीत कंगोरे हीच तिची टाकी. ती मोटरने पुसून टाकली तर चकचकीत तोंडाचा घोडा उपाशी राहील. घासायची ती फक्त धारेची कड.

मोटर वापरायची तर गुंगीचं इंजेक्शन आलंच, आणि ते पशुवैद्यकाच्याच हातून. घोडीच्या पोटात शिंगरू असेल तर आधी सांगा. माझ्या मते हातकानसेलाही हलकी गुंगी बरी. वरच्या ओठाला दोरीचा पिळा देऊन चार जणांनी धरलेला घोडा पुढच्या वर्षी तोंडाला हात लावू देत नाही.

मग निवड कशी करायची? सहा ते पंधरा वर्षांचा, नियमित तपासलेला घोडा असेल तर मी हातकानस निवडेन. वर्षानुवर्षं तोंड न पाहिलेला, आकडे वाढलेला घोडा असेल तर मोटर, पण तेही एकाच बैठकीत सगळं सपाट करण्याचा हट्ट न धरता, काही महिन्यांच्या अंतराने. वीस वर्षांपुढच्या म्हाताऱ्याला मोटरचा मोह टाळा. त्याच्या दाढा मुळात संपत आलेल्या असतात. दोन ते पाच वर्षांच्या शिंगरांचं प्रकरण वेगळं. दुधाचे दात पडत असतात, तेव्हा दर सहा महिन्यांनी नुसतं बघणं महत्त्वाचं. या वयात टाळू सुजली म्हणून ती कापणारे किंवा डागणारे जाणकार अजून भेटतात. दात येताना ती सूज असतेच, तिला हात लावू देऊ नका.

खरं सांगायचं तर हत्यारापेक्षा मला एक गोष्ट मोठी वाटते: तोंड उघडं ठेवणारा साचा लावून, डोक्याला दिवा बांधून, शेवटच्या दाढेपर्यंत पाहिलं जातं का. जो हे करत नाही त्याच्या हातात मोटर असो वा कानस, काम अर्धंच. आणि हत्यारं आधीच्या घोड्यानंतर जंतुनाशकात बुडवली का, हेही संकोच न करता विचारा. एका कानशीने अख्ख्या तबेल्यात रोग फिरू शकतो.

खर्चाचं म्हणाल तर गावातल्या चार-पाच मालकांनी मिळून डॉक्टरांना एकाच दिवशी बोलावलं की येण्याजाण्याचा भार वाटला जातो. त्याच भेटीत धनुर्वाताची लस उरकून घ्या. घोडा या रोगाला फार लवकर बळी पडतो. पहिल्यांदा 4 ते 6 आठवड्यांच्या अंतराने दोन डोस, मग डॉक्टर सांगतील तसा वर्षाला एक.

काम झाल्यावर गुंगी पुरती उतरेपर्यंत पुढ्यात गवताची काडीही ठेवू नका, घास घशात अडकतो. पुढचे दोन-तीन दिवस चंदी भिजवून द्या, आणि आठवड्याभराने लीद मोडून दाणे मोजा.