बाळंतिणींनो, '45 दिवसांत 12 किलो'वाल्यांना एक रुपयाही देऊ नका

माझे 25,299 रुपये गेले. 4,999 वजन उतरवण्याच्या कोर्सचे, 7,800 पावडरीच्या तीन डब्यांचे आणि 12,500 'रिफंड सुटण्यासाठी अनामत' म्हणून. रिफंडसाठी कुणी उलट पैसे मागितले की तिथेच फोन ठेवा.

शिकलेली असून फसलीस कशी, असं विचारणाऱ्यांनी आधी ऐकून घ्यावं. सिझर झालं. घरी सोडताना 'जड उचलू नका' एवढंच सांगितलं. चालायला कधी लागायचं, व्यायाम कोणता, कुणी बोललं नाही. घरात सव्वा महिना खोलीबाहेर पाय टाकायची सोय नव्हती, वर डिंकाचे लाडू, तूप, अळिवाची खीर. पुढे जागरणं. वजन 74 किलोवर अडकलेलं आणि बाळ बघायला येणारी प्रत्येक बाई आधी माझ्या पोटाकडे बघायची. अशात 'घरबसल्या, व्यायाम न करता' अशी रील समोर आली. काय करणार होते मी?

पण त्या 'डाएटिशियन मॅडम'चा पहिला फोन! तो आठवला की अजून अंगाचा तिळपापड होतो. सिझर की नॉर्मल, विचारलं नाही. अंगावर पाजताय का, विचारलं नाही. थायरॉईड तपासलंय का, तेही नाही. बाळ मांडीवर रडत होतं, तिला ऐकू जात होतं. आणि ती विचारत होती, पैसे कुठल्या ॲपवरून पाठवताय! तेव्हाच कळायला हवं होतं.

पहिल्या आठवड्यात 2 किलो उतरलं, ग्रुपवर टाळ्या. जुलाब लागले तर म्हणे 'शरीरातली घाण निघतेय'. डॉक्टरांनी डबा वाचला: सोनामुखी. म्हणजे जुलाबाचंच औषध. उतरलं ते पाणी, लगेच परत आलं. डब्यावर एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, 14 आकडी परवाना क्रमांकच नव्हता. तो आधी बघा.

पोलीस ठाण्यात म्हणाले, "ताई, पैसे तुम्हीच पाठवलेत ना?" तिथून सायबरकडे धाडलं, सायबरने परत ठाण्याकडे. बँक म्हणते, पिन तुम्ही टाकलात, आमची जबाबदारी नाही. टाके दुखत असताना बाळाला घेऊन बाकड्यावर बसले, पाजायला आडोसा नाही, आणि साहेब जेवायला गेलेले. लठ्ठपणा बरा करतो म्हणून औषधाची जाहिरात करायला 1954 च्या कायद्याने बंदी आहे. हे मी, एका बाळंतिणीने, त्यांना सांगायचं? तर उत्तर काय, "रक्कम तशी लहान आहे." माझ्या बाळंतपणाच्या रजेत साठवलेले पैसे होते ते!

पैसे गेल्या गेल्या 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, घरच्यांना काय सांगू या विचारात वेळ घालवू नका. मी तोच घालवला. स्क्रीनशॉट ठेवा. एक डबा सीलबंद राहू द्या. पोटाचे स्नायू मधून फाकलेत का, हे डॉक्टरांकडून तपासल्याशिवाय पोटाचे व्यायाम करू नका. चालायला त्यांची परवानगी मिळाली की हळूहळू आठवड्याला 150 मिनिटांपर्यंत जा. जागतिक आरोग्य संघटनाही बाळंतिणींना हेच सांगते, आणि त्याला पैसे पडत नाहीत.

ती रील अजून चालू आहे. नाव बदललंय, 'आधी-नंतर'चे फोटो तेच आहेत.