सोडा ॲशच्या आयातीचा माग घेणारी माहितीपेढी

केंद्रीय वाणिज्य विभागाची आयात-निर्यात माहितीपेढी विनामूल्य आहे आणि काच किंवा डिटर्जंटच्या व्यवसायात असलेल्यांनी ती अवश्य वापरावी, कारण २८३६२० हा मालाचा संकेतांक निवडला की सोडा ॲशची, म्हणजे या दोन्ही उद्योगांत कच्चा माल असलेल्या सोडियम कार्बोनेटची, देशनिहाय आवक वर्षागणिक समोर येते. परिमाण आणि मूल्य या दोन्हींवरून सरासरी दर मात्र स्वतः काढावा. नुसते मूल्य फसवे ठरते. तुर्कस्तानात ट्रोना या नैसर्गिक खनिजापासून बनणारा माल गुजरातमधील मिठापूरसारख्या ठिकाणच्या, मीठ आणि चुनखडीपासून होणाऱ्या उत्पादनापेक्षा स्वस्त का पडतो, हे कोणताही तक्ता सांगणार नाही. डिसेंबर २०२४ च्या अखेरीस सरकारने टनामागे २०,१०८ रुपये किमान आयात किंमत, म्हणजे जिच्याखाली माल आयात करता येत नाही अशी किंमत, ठरवली, तो संदर्भ जवळ ठेवूनच पुढचे आकडे वाचावेत. मांडणी रूक्ष आहे, पण हिशेबाच्या वहीकडून लालित्याची अपेक्षा कोण करतो?