डबल एंड बॅग : सात महिन्यांचा वापर आणि एक तुटलेले रबर

गेल्या आठवड्यात, दुसरा राउंड निम्मा झालेला असताना, माझ्या डबल एंड बॅगचे (बॉक्सिंगच्या सरावासाठी छत आणि जमीन यांच्यामध्ये रबरांनी ताणून बांधलेला चेंडू) खालचे रबर कडीपाशी तुटले, चेंडू छताकडे उसळला आणि परतीच्या झोक्यात थेट माझ्या गालावर आदळला. विक्रेत्याला कळवल्यावर उत्तर आले की रबर ही झिजणारी वस्तू असल्यामुळे ती हमीत बसत नाही. रबर सुटे मिळत नाही, त्यामुळे पूर्ण संच पुन्हा घ्यावा, असेही त्यात म्हटले होते. सात महिन्यांत चेंडूच्या शिवणीचा एक टाकाही उसवलेला नाही, आतला ब्लॅडर (हवेची पिशवी) शाबूत आहे, आणि तरीही दोन हात लांबीच्या रबरासाठी सगळेच नव्याने विकत घ्यायचे, हे मला मान्य नाही.

ही बॅग मी घेतली ती स्पारिंगमधल्या, म्हणजे जोडीदाराबरोबरच्या सराव-लढतीतल्या, माझ्या एकाच खोडीसाठी. जॅब, म्हणजे डाव्या हाताचा झटपट सरळ ठोसा, मारून झाला की माझा हात हनुवटीकडे परतण्याऐवजी छातीपर्यंत खाली येत असे आणि त्या फटीतून समोरच्याचा उजवा ठोसा दर वेळी आत शिरत असे. हेवी बॅगवर, म्हणजे टांगलेल्या जड पिशवीवर, ही चूक कधी उघडकीस येत नाही, कारण ती उलट काहीच करत नाही. डबल एंड बॅग मात्र तुमचा हात परतायच्या आधीच परत येते, आणि डोके जागचे हलले नसेल तर कपाळावर लागते.

पहिले तीन महिने माझे मत वाईट होते. संचात वर आणि खाली सारखेच सैल रबर दिलेले असल्याने चेंडू समोरून येण्याऐवजी गोल गोल भरकटत असे, आणि त्यातून मी बचाव नव्हे, तर डोळे मिटून घेणे शिकत होतो. मग आमच्या प्रशिक्षकांनी वरचे रबर काढून तिथे न ताणणारी दोरी बांधायला लावली, चेंडू हनुवटीच्या उंचीवर आणला, खालचे रबर चांगले ताणून घेतले आणि थोडी हवा कमी केली. त्या दिवसापासून वस्तू तीच असूनही साधन निराळे झाले. चेंडूला सरळ ये-जा मिळाली, त्या ये-जेला ताल मिळाला आणि माझे मत बदलले. हा बदल माहितीपत्रकात एका ओळीत सांगता आला असता, म्हणूनच रबराबद्दल मी इतके लिहीत आहे.

खरा फायदा स्लिपमध्ये, म्हणजे डोके बाजूला सरकवून ठोसा चुकवण्यात, झाला. मी पूर्वी कमरेतून वाकत असे, नजर जमिनीकडे जात असे आणि पुढचा अपरकट (खालून वर येणारा ठोसा) मला दिसतच नसे. आता जॅब मारल्यावर डोके उजवीकडे फक्त इतकेच सरकते की चेंडू डाव्या कानाला चाटून जावा. गुडघे किंचित वाकतात, वजन उजव्या पायावर येते, आणि तिथून क्रॉससाठी (उजव्या हाताच्या सरळ ठोशासाठी) वेगळी तयारी करावी लागत नाही. पाचव्या महिन्यातल्या एका स्पारिंगमध्ये समोरच्याच्या ग्लोव्हचे चामडे कानाजवळून सरकल्याचा आवाज आला, आणि त्याचा डावा हात परत पोहोचण्याआधी माझा उजवा त्याच्या हेडगार्डवर लागलेला होता. त्या क्षणी मला झालेला आनंद अजून ताजा आहे. ८ डिसेंबर २०१२ रोजी बॉक्सर हुआन मॅन्युएल मार्केझने प्रतिस्पर्धी मॅनी पॅकियाओला सहाव्या राउंडच्या अखेरीस पाडले, तो उजवा ठोसाही पॅकियाओ पुढे झेपावत असतानाचाच होता. येणाऱ्याचे वजन आपल्या ठोशात मिळते, हे ती लढत पाहून माहीत होते, पण हाताला कळले ते आत्ता.

मर्यादाही स्पष्ट सांगतो. चेंडूला खांदे नसतात, पाय नसतात आणि तो हूल देत नाही. मध्यंतरी मी केवळ तालावर, दर वेळी उजवीकडेच स्लिप करू लागलो होतो. जोडीदाराने ते हेरले, जॅबची नुसती हूल दिली आणि माझे डोके नेमके त्याच्या डाव्या हुकच्या (बाजूने वळून येणाऱ्या ठोशाच्या) वाटेत गेले. म्हणून आता आठवड्यातून दोनदा जोडीदाराबरोबर ठरवून सराव करतो : तीन मिनिटांचा राउंड, तो निम्म्या वेगाने फक्त जॅब मारणार, मी पहिल्या राउंडमध्ये फक्त बचाव करणार, आणि दुसऱ्यात एका जॅबला एकच उत्तर देणार. त्यात नजर ग्लोव्हवर न ठेवता छातीवर आणि खांद्यांवर ठेवायची सवय होते, जी बॅग देऊ शकत नाही. बॅगवरही मी आता स्पारिंगचेच १६ औंसांचे, म्हणजे साधारण ४५० ग्रॅमचे, ग्लोव्ह्ज वापरतो. हलक्या ग्लोव्ह्जमध्ये हात वर राहतात आणि गार्ड (बचावासाठी चेहऱ्यासमोर धरलेले हात) सुधारल्याचा खोटा भरवसा वाटतो.

सध्या खाली सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी बांधली आहे. चेंडू किंचित सावकाश परततो, पण रेषेत परततो. कडीपाशी घासू नये म्हणून तिथे कापडाची दुहेरी घडी घातली आहे आणि प्रत्येक सरावाआधी गाठ तपासतो. पाच पैकी चार तारे देत आहे. पाचवा तारा रबर सुटे मिळू लागेल त्या दिवशी देईन.